किंमत लिहा, मग बोला

आमच्या शहरात नाण्यांचा नाद लागायला फार निमित्त लागत नाही. पैठणच्या पांढरीत सातवाहनांची नाणी निघत आली आहेत. महंमद तुघलकाने १३३०च्या सुमारास दौलताबादेत तांब्या-पितळेची सांकेतिक नाणी पाडली. औरंगजेबाच्या रुपयावर 'खुजिस्ता बुनियाद' ही टाकसाळ वाचली की ती याच शहराची, तेव्हाच्या औरंगाबादची. आणि मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत आजीच्या डब्यात निजामाचे चारमिनार छापाचे हाली रुपये अजून सांभाळून ठेवलेले असतात. अशा गावात नाणेसंग्राहकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालवणं सोपं असेल, असं बाहेरच्याला वाटतं. मी त्या ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. आहत नाणी, होन, शिवराई, टाकसाळींची नावं यांवर आमच्यात वाद होतात, पण ते वाद गोड असतात. कडू होतात ते जाहिरातींवरून.

पहिली अडचण ही की जाहिरात कशाला म्हणायचं तेच ठरत नाही. कुणी तुघलकी नाण्याचा फोटो टाकतो, खाली 'अभ्यासासाठी' असं लिहितो आणि त्याखाली स्वतःचा नंबर. कुणी पुण्याच्या प्रदर्शनाची माहिती देतो, त्यात त्याचाच स्टॉल असतो. 'संग्रह आवरतोय, इच्छुकांनी पर्सनलवर यावं' हा तर नेहमीचा मजकूर. बहुतेक छंदाच्या ग्रुपांत असतो तसा आमच्याकडेही सुरुवातीला 'खरेदी-विक्री पूर्ण बंद' एवढाच नियम होता. तो ऐकायला स्वच्छ वाटतो. प्रत्यक्षात विक्री बंद होत नाही, खासगीत जाते, आणि तिथे नवख्या माणसाच्या बाजूने बोलणारं कुणी नसतं.

सिडकोतल्या एका तरुणाने आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या रुपयाचा फोटो टाकला. जुन्या बाजाराकडचे आमचे एक चाचा आहेत, फारसी वाचण्यात त्यांचा हात धरणारं ग्रुपमध्ये कुणी नाही. त्यांनी दहा मिनिटांत टाकसाळ आणि जुलूस वर्ष, म्हणजे बादशहाच्या राज्याचं कितवं वर्ष, वाचून दिलं. खुजिस्ता बुनियाद, औरंगजेब. पोरगा हरखून गेला. तेवढ्यात दुसऱ्या एका अनुभवी सदस्याने खाली लिहिलं, 'सर्वसाधारण आहे, फार काही नाही.' आणि त्याच रात्री त्याने पोराला खासगीत विचारलं, चांदीच्या भावात देतोस का? पोराने त्या संभाषणाचा स्क्रीनशॉट सरळ ग्रुपवर टाकला.

गोंधळ झाला. मी आधी ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन पाठवू शकतील' असा करून टाकला. रात्री अकरा वाजता लिहिलेल्या ओळी माणूस सकाळी वाचतो तेव्हा त्या त्यालाच परक्या वाटतात. त्यामुळे वाद पेटला की निकाल त्याच रात्री द्यायचा नाही, हे मी पाळतो. दुसऱ्या दिवशी दोघांना फोन केला, लिहून काही विचारलं नाही. लिहिलेल्या शब्दाला सूर नसतो. संध्याकाळी पैठण गेटजवळच्या एका हॉटेलात चहाला बसलो. पोराने नाणं आणलं होतं. माझ्या खिशातल्या छोट्या काट्यावर ते साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरलं, म्हणजे वजनाला चोख. कडा गोल घासलेली, पण टाकसाळीचं नाव पूर्ण उमटलेलं. मोगल रुपयावर ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे नाव बहुतेकदा अर्धवटच येतं. इथे ते पूर्ण होतं.

तो सदस्य शांतपणे म्हणाला, "साहेब, मी ग्रुपवर काहीच विकलं नाही. मग नियम कुठे मोडला?" नियमाप्रमाणे त्याचं बरोबर होतं. मग तो पुढे जे बोलला ते जास्त महत्त्वाचं होतं. "माझं दुकान आहे हे सगळ्यांना माहीत आहे. वर्षानुवर्षं लोकांची नाणी फुकट ओळखून देतो. त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. एक नाणं मागितलं तर मी चोर?"

मला दोघांचीही बाजू खरी वाटली, आणि आजही वाटते. जाहिरातींच्या भांडणाच्या मुळाशी जवळपास नेहमी हेच असतं. जिथे सगळे फुकट ज्ञान वाटतात तिथे एकाने चार पैसे मिळवले की बाकीच्यांना ते बोचतं, आणि मिळवणाऱ्याला वाटतं आपलं देणं कुणी पाहतच नाही. यात विक्रीचा दोष नाही. दोष होता तो एकाच माणसाने मत देण्यात आणि त्याच मताचा फायदा खासगीत घेण्यात. त्याला मी तिथेच विचारलं, "सर्वसाधारण लिहिलंत, पण नाव पूर्ण आलंय हे का नाही लिहिलंत?" त्याने उत्तर दिलं नाही. मात्र दुसऱ्या दिवशी ग्रुपवर स्वतःच्या नावाने, चांदीच्या भावाहून बरीच जास्त किंमत लिहिली. आणखी दोघांनी त्यावर चढवली. पोराने नाणं कुणालाच दिलं नाही, ते आजोबांचं होतं.

त्यानंतर आम्ही नियम बदलला. विक्री रविवारी, ग्रुपवरच, उघड. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, वजन, व्यास, किंमत आकड्यात. 'किंमत विचारा' चालणार नाही. ज्याने एखाद्या नाण्यावर मत दिलं त्याने ते खासगीत मागायचं नाही. दुकान असेल तर तसं लिहायचं. जाहिरात ही जाहिरात आहे हे बघणाऱ्याला कळलंच पाहिजे, असं अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१मध्ये इन्फ्लुएन्सरांना सांगितलं. छोट्या ग्रुपलाही तेच लागू करायला हरकत कसली? शंभर वर्षांहून जुन्या वस्तू विकण्याचा व्यवसाय करायचा तर १९७२च्या पुरावस्तू कायद्याने परवाना लागतो, तो आहे का हेही मी विचारतो. आणि 'शेतात सापडलं' असं म्हणत कुणी नाणी विकायला काढली की पोस्ट लगेच काढतो. १८७८चा निखात निधी कायदा अजून जिवंत आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. याबाबत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, आधी कमिशन भरा, अशा फॉरवर्डलाही हाच न्याय. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये स्पष्ट सांगितलं की जुन्या नाण्या-नोटांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कुणाकडून कमिशन मागत नाही. तरी आमच्याच ओळखीतले निवृत्त लोक त्यात पैसे घालवतात, म्हणून मी पोस्ट काढतो आणि ती टाकणाऱ्याला फोनही करतो. तो बहुतेकदा स्वतःच फसण्याच्या बेतात असतो.

सगळ्यात अवघड तक्रार 'हे नकली आहे' ही. कुणाच्या जाहिरातीखाली एवढे तीन शब्द पडले की त्याचा माल आणि अब्रू दोन्ही गेली. तुघलकाची सांकेतिक नाणी मुळातच नकलांमुळे बुडाली. इतिहासकार बरनीने लिहून ठेवलंय की घरोघरी टाकसाळी निघाल्या, शेवटी सुलतानाला ती परत घेऊन खजिन्यातून सोनं-चांदी द्यावी लागली. आज त्या नाण्यांच्याही ओतीव नकला बाजारात फिरतात. म्हणून आक्षेप घ्यायचा तर कारण लिहायचं: वजन कमी, कडेला साच्याची रेघ, पृष्ठभागावर बारीक फोड, अक्षरं बोथट. कारण नसेल तर आक्षेप मी काढून टाकतो, मग तो चाचांचा असला तरी. एकदा खरंच त्यांचाच होता. त्यांना वाईट वाटलं, दोन दिवस बोलले नाहीत, मग वजन-मापासह पुन्हा लिहिलं आणि ते बरोबर निघालं.

२०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं की सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी निव्वळ अ‍ॅडमिन म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. कायद्याने मी मोकळा आहे. पण माझ्या ग्रुपवर एखादी आजी तिचा हाली रुपया कवडीमोलाने घालवून बसली तर मला झोप लागायची नाही.

सध्या वाद आहे तो ग्रुपवर बोली लावून लिलाव करावा का, याचा. निम्मे जण हवा म्हणतात. बोली चढते, रात्री कुणीतरी मागे फिरतं आणि विकणारा अडकतो, हे मी दुसऱ्या ग्रुपांत पाहिलं आहे. येत्या बैठकीत मत घ्यायचं आहे. माझं मत 'नको' असं आहे, आणि ते कारणांसह मी आधीच ग्रुपवर लिहून टाकलं आहे, म्हणजे बैठक चालवताना माझा कल काय आहे ते कुणाला ओळखत बसावं लागणार नाही.