पाचशे वॅटचा स्पीकर

आमच्या चाळीच्या मंडळाची एक गायन पार्टी आहे. हार्मोनियम, ढोलकी, ऑक्टोपॅड, की-बोर्ड आणि बेस गिटार. बेस गिटार माझा भाचा वाजवतो आणि मंडळाचा खजिनदार मी आहे. दिवसा ऑफिसात कारकुनी करायची आणि संध्याकाळी मंडळाच्या पावत्या फाडायच्या, हा माझा गेल्या अठरा वर्षांचा क्रम. बी. कॉम. झालेला माणूस म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे आली आणि ती पुन्हा कोणी मागितली नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत एका हळदीच्या कार्यक्रमात बेसचा स्पीकर उडाला. तिसरे गाणे चालू होते. पेटीतून आधी खरखर आली, मग टपटप असा आवाज आला आणि मग काहीच आले नाही. बाकीचा कार्यक्रम बेसशिवाय झाला. ज्यांना बेस गिटार माहीत नाही त्यांना सांगतो, ती चार जाड तारांची गिटार असते आणि साध्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली वाजते. चालू असताना तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बंद पडली की मात्र गाणे पोकळ वाटू लागते. त्या रात्री यजमानांनी ठरलेल्या रकमेतून पाचशे रुपये कापून घेतले.

रविवारी मंडळाची बैठक झाली. एकाने सरळ सांगितले, "पोरगं बटण पार शेवटपर्यंत फिरवत होतं, मी बघितलं. स्पीकर त्यानेच फोडला. भरपाई त्याच्या मानधनातून कापा." दोघांनी माना डोलावल्या. भाचा एका कोपऱ्यात खाली मान घालून बसला होता. तो काही बोलला नाही आणि मीही बोललो नाही. नात्यातला म्हणून बाजू घेतो असे कोणी म्हणू नये, हे मी स्वतःला दिलेले कारण. दुसऱ्या दिवशी ताई, म्हणजे त्याची आई, पोळी-भाजी केंद्रातले काम आटोपून माझ्याकडे आली. तिने एक पाकीट माझ्या वहीखाली सरकवले आणि म्हणाली, "माझ्या पोराने फोडला असेल तर मी भरून देते. पण त्याला सगळ्यांसमोर चोरासारखं बसवू नका." पुढच्या तालमीला तो आला नाही.

उडालेला स्पीकर पिशवीत घालून मी ग्रँट रोडला उतरलो. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हटले तर पत्ता सापडत नाही, लॅमिंग्टन रोड म्हटले की कोणीही दाखवतो. तिथे एका बोळात स्पीकरची कॉईल आणि कोन बदलून देणारे एक वयस्कर मिस्त्री बसतात. त्यांनी कोन ब्लेडने कापून आतली कॉईल बाहेर काढली आणि दिव्यासमोर धरली. म्हणाले, "दादा, हा जळालेला नाही. हा आपटलेला आहे."

मला फरक कळेना. तेव्हा त्यांनी समजावून दिले. स्पीकरमध्ये फार वेळ फार वीज गेली तर कॉईलची तार तापते, वार्निश करपते, ती काळी पडते आणि वास येतो. आमची कॉईल तांब्याच्या रंगाचीच होती. पण ती ज्या नळीवर गुंडाळलेली असते त्या नळीची मागची कड चेपली होती. कोन गरजेपेक्षा जास्त मागे-पुढे हलला, नळी आतल्या लोखंडी पाटावर आपटत राहिली, वाकडी झाली आणि घासून तार तुटली. "हा स्पीकर बेस गिटारसाठी कोणी आणला?" त्यांनी विचारले.

मी आणला होता.

इथे थोडे मागे जावे लागेल. आमच्या पेटीत मूळचा पंधरा इंची, आठ ओहमचा स्पीकर होता. २०२३ च्या मे महिन्यात त्याचा कोन फाटला. दुरुस्तीला ४२०० रुपये सांगितले. मी एका दुकानात चौकशी केली तर नवाकोरा पंधरा इंची स्पीकर ३१०० रुपयांना मिळत होता, आणि त्यावर ठळक अक्षरात '५०० वॅट' छापलेले होते. जुना २०० वॅटचा. अकराशे रुपये वाचले आणि वॅट अडीचपट झाले, म्हणून मी बैठकीत मोठ्या अभिमानाने सांगितले. टाळ्याही मिळाल्या. जुना स्पीकर तळमजल्यावरच्या आमच्या खोलीत खाटेखाली गेला. भाचा पहिल्याच तालमीला म्हणाला, "मामा, खालचा सूर येत नाही." मी त्याला उत्तर दिले, "अरे, पाचशे वॅट आहे. बटण फिरव की."

मिस्त्रींनी स्पीकरच्या मागची चिठ्ठी माझ्यापुढे धरली. ५०० च्या शेजारी बारीक अक्षरात 'पीक' लिहिले होते. कंपन्या वॅट तीन तऱ्हेने लिहितात. सतत सोसेल ती खरी ताकद, तिच्या साधारण दुप्पट 'प्रोग्रॅम' आणि साधारण चौपट 'पीक'. म्हणजे माझ्या पाचशेला चारने भागायचे. उत्तर सव्वाशे. ऑफिसात दुसऱ्यांच्या बिलातली बारीक अक्षरे वाचण्याचाच मला पगार मिळतो.

पण मिस्त्रींच्या मते वॅट हा मुख्य प्रश्न नव्हताच. बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. त्यापुढच्या तारा ५५, ७३ आणि ९८. प्रत्येक स्पीकरचा स्वतःचा एक नैसर्गिक सूर असतो, त्याच्या खाली तो मनापासून वाजत नाही. माझ्या पाचशे वॅटवाल्याचा तो सूर ६२ होता. तो गाण्याच्या आवाजासाठी, मोठ्या मैदानातल्या मधल्या सुरांसाठी केलेला स्पीकर. शिवाय त्याची कॉईल दोन्ही बाजूंना जेमतेम अडीच मिलिमीटर नीट हलू शकत होती. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी कोनाला चौपट हलावे लागते. सूर ऐकू येत नाही म्हणून पोराने अॅम्प्लिफायरवरचे बेसचे बटण वाढवले. त्या बटणाने दहा डेसिबल वाढवले की स्पीकरकडे दुप्पट नव्हे, दहापट वीज जाते. आणि ते बटण फिरवायला सांगितले कोणी?

ग्रँट रोड ते घर हा प्रवास त्या दिवशी मला फार लांब वाटला.

घरी येऊन खाटेखालचा जुना स्पीकर काढला. म्हटले, याचाच कोन बदलून घेऊ, पेटी शेवटी त्याच्यासाठी बनवलेली आहे. पण २०२३ च्या पावसाळ्यात आमच्या खोलीत घोटाभर पाणी आले होते. चुंबकाच्या फटीत, जिथे कॉईल हलते तिथेच, गंजाची पापडी धरली होती. मिस्त्रींनी पाहून मान हलवली. आता नवा घेणे भाग होते.

मी भाच्याला बोलावले. आला, पण दारातच उभा राहिला. मी त्याला कॉईल दाखवली, चेपलेली कड दाखवली आणि म्हणालो, "तू फोडला नाहीस. माझ्या चिकटपणाने फुटला." तो बराच वेळ कॉईल हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मामा, पेटी आतून मोजायला हवी. टेप आहे का?"

पेटी आतून ६० सेंटिमीटर उंच, ४८ रुंद आणि ४० खोल भरली. गुणाकार केला तर ११५ लिटर. पट्ट्या, पाइप आणि खुद्द स्पीकर यांनी अडवलेली जागा वजा जाता १०५ लिटर धरले. हे कशाला, तर स्पीकर आणि पेटी यांचे जमणे हा हिशेबाचा भाग आहे. नेव्हिल थील नावाच्या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने १९६१ साली पाइपवाल्या पेट्यांचे गणित मांडले आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी सिडनी विद्यापीठात ते वाढवले. आज चांगली कंपनी स्पीकरसोबत हे थील-स्मॉलचे आकडे छापते. जी कंपनी छापत नाही तिचा माल बेससाठी घेऊ नये, असे आता माझे मत झाले आहे. भाच्याने संगणकावर एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम उतरवला आणि त्यात पेटीचे माप व पाइपची लांबी-रुंदी घातली. पेटी ४८ च्या आसपास जुळवलेली निघाली. त्या सुरावर पाइपातली हवाच बोलते, कोन जवळजवळ स्थिर राहतो. त्याच्या खाली गेले की पेटी कोनाला आवरत नाही, तो मोकाट हलतो. आमची ४१ ची तार नेमकी त्याच्या खाली. म्हणजे जास्त हलून टिकणारा स्पीकरच हवा.

पुढचे तीन रविवार आम्ही मामा-भाचे दुकाने हिंडलो. हातात वहीचे पान, त्यावर जुन्या स्पीकरचे आकडे. एका ठिकाणी चार ओहमचा स्पीकर स्वस्त मिळत होता. आमचा अॅम्प्लिफायर चार ओहमवर ३०० वॅट देतो आणि आठवर त्याहून बराच कमी, तेव्हा मोह झाला. भाच्याने अडवले. उद्या दुसरी पेटी जोडायची तर आठ आणि आठ मिळून चार होतात आणि अॅम्प्लिफायर सुखात राहतो. चारला चार जोडले की दोन होतात, आमचा अॅम्प्लिफायर तेवढे सोसत नाही. दुसऱ्या ठिकाणी निओडिमियम चुंबकाचा परदेशी स्पीकर पाहिला, वजनाला निम्मा. आमची पेटी कार्यक्रमाला जाते तेव्हा दोन पोरे ती जिन्यांवरून चढवतात-उतरवतात, त्यामुळे जीव तिकडे ओढला. किंमत ऐकून पाऊल मागे घेतले. साधा फेराइट चुंबकाचा घ्यायचा आणि पेटीला चाके लावायची असे ठरले.

एक गोष्ट मला त्या फिरण्यात पटली. लहान पेटी, खोल सूर आणि मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, तिघांपैकी एकीवर पाणी सोडावे लागते. याला हॉफमनचा नियम म्हणतात. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणली, तेव्हापासून बेसवाले या तिघांशी झगडत आहेत. आम्ही थोडा आवाज सोडला.

शेवटी घेतला तो पंधरा इंची, आठ ओहम, सतत २५० वॅट सोसणारा. नैसर्गिक सूर ३९, कोनाची चाल दोन्ही बाजूंना साडेपाच मिलिमीटर. प्रोग्रॅममध्ये त्याची रेषा आमच्या पेटीत बऱ्यापैकी सपाट आली. स्क्रूची भोके जुळतात की नाही ते पेटीवर कागद ठेवून उमटवून नेले होते, तेही जुळले. किंमत ११,८००. दुकानातच मीटर लावून पाहिले. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर सहा-सात दाखवतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. कोन दोन्ही हातांनी अलगद दाबून घासल्याचा आवाज येतो का तेही ऐकले.

बैठकीत मी हिशेब वाचला तेव्हा एक जण हसला. "खजिनदारसाहेब, पाचशेचा गेला आणि अडीचशेचा आणला? तोही चौपट पैशांत?" मी चेपलेली कॉईल पुढे ठेवली आणि पहिल्यापासून सगळे सांगितले. बारीक अक्षरांचे सांगितले आणि 'बटण फिरव' हे कोणी म्हटले तेही सांगितले. मग वहीतली नोंद वाचली : नुकसान रुपये ३१००, खजिनदाराच्या नावे, मासिक हप्ता ५००. ज्याने भरपाई मागितली होती तो गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिला आणि नंतर भाच्याला म्हणाला, "तालमीला ये रे उद्या. ताल सुटतोय तुझ्याविना." माफी म्हणायची तर तेवढीच. मला ती कमी वाटली, पोराला पुरली.

स्पीकर बसवताना त्याने दीड व्होल्टचा सेल तारांना टेकवून पाहिला. कोन बाहेर आला, म्हणजे अधिक-उणे बरोबर. कडेला रबरी पट्टी लावून स्क्रू एकाआड एक समोरासमोरचे आवळले, पेटीतून हवा निसटता कामा नये म्हणून. मग बेसचे बटण मधोमध ठेवून त्याने जाड तार मोकळी छेडली. शेजारच्या काकूंच्या मांडणीतली ताटे वाजू लागली आणि भिंतीवर दोन थापा पडल्या.

ताईचे पाकीट मी त्याच रात्री तिच्या घरी नेऊन दिले. तिने ते उघडले, नोटा एक एक करून मोजल्या, डब्यात ठेवल्या आणि विचारले, "चहा ठेवू का?"