पहिली बादली

गेल्या महिन्यात माजिवड्यातील एका नव्या सदनिकेला आशीर्वाद देण्यासाठी गेलो होतो. गावठाणातील जुने घर सोडून ते कुटुंब घोडबंदर रस्त्यालगतच्या इमारतीत राहावयास आले होते. खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडून झाले. सूनबाईंनी चकाकत्या नव्या नळाखाली भांडे धरले. तान्ह्या बाळाच्या दुधासाठी पाणी हवे होते. "आधी थोडे वाहू द्या," मी नकळत बोलून गेलो. आजीबाई हसल्या. "फादर, आम्ही पाणी चांगलं उकळून घेतो."

उकळल्याने जंतू मरतात. शिसे जात नाही. वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण उलट किंचित वाढते. त्याला रंग नाही, वास नाही. लहान मुलाचे शरीर त्याला कॅल्शियमसारखेच जवळ करते, हाडांत साठवते, आणि घाला पडतो तो बुद्धीच्या वाढीवर.

सेमिनरीत लॅटिन शिकताना 'प्लुम्बुम' म्हणजे शिसे आणि त्यावरूनच 'प्लंबर', हे कळले होते. शिशाच्या पाइपापेक्षा मातीच्या पाइपातील पाणी आरोग्यास बरे, असे रोमन स्थापत्यकार वित्रुव्हियस दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून गेला. शिशाचे काम करणाऱ्या कारागिरांचे फिकट चेहरे हा त्याचा पुरावा. विद्यार्थिदशेत मला त्याची केवळ मौज वाटली होती.

पुढे एका धर्मग्रामात शाळेच्या पाण्याची व्यवस्था माझ्याकडे आली. पैशाची चणचण होती. मी सर्वांत स्वस्त पीव्हीसी पाइप निवडले आणि वाचलेली रक्कम सभेपुढे अभिमानाने मांडली. उष्णतेने प्लास्टिक बिघडू नये म्हणून अशा पाइपांत शिशाचे क्षार मिसळण्याची त्या काळी आपल्याकडे सर्रास पद्धत होती, हे मी विचारलेही नाही. केंद्र सरकारने त्याबाबत नियम केले ते २०२१ साली.

अमेरिकेतील फ्लिंट शहराने २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, पण पाइपांची झीज रोखणारे द्रव्य पाण्यात घातले नाही. शिसे नदीत नव्हते, पाइपांत होते. ते घरोघर पोहोचले. आपल्याकडेही पालिकेचे पाणी शुद्ध असले, तरी शेवटचा प्रवास इमारतीच्या पाइपांतून, सांध्यांतून, पितळी नळांतून होतो. शिसे असलेच, तर रात्रभर थांबलेल्या पाण्यात ते अधिक उतरते.

"पाणी असं सोडून देणं परवडतं का, फादर?" आजीबाईंचा प्रश्न रास्त होता. वेळेवर येणाऱ्या पाण्याची किंमत ठाणेकरांना कोणी शिकवावी! मी म्हणालो, सोडू नका; पहिली बादली लादी पुसायला ठेवा. चहा-स्वयंपाकाला गीझरचे पाणी नको. आरओ यंत्र शिसे बऱ्याच अंशी अडवते, साध्या कँडल फिल्टरचा मात्र भरवसा धरू नये. खरी खात्री प्रयोगशाळेतच होते: भारतीय मानकानुसार लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक शिसे चालत नाही.

त्या रात्री मी त्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टरांना पत्र लिहिले. पाइप कोणी निवडले होते, तेही लिहिले. त्यांनी पाण्याचा नमुना तपासणीस पाठविला आहे. अहवाल अद्याप यावयाचा आहे.