पानिपतातली बुलेट

"अहो, पानिपतावर राहून आणखी एक पानिपत करू नका!" पत्नीने अक्षरशः हात जोडले, तेव्हा भाऊ पासबुक खिशात घालून दाराबाहेर पडलेच होते. 2023 सालचा एप्रिल महिना होता. पानिपतच्या रिफायनरीत नोकरी करणाऱ्या या मराठी कुटुंबाला हरियाणात वीस वर्षे होऊन गेली होती. निवृत्ती पाच वर्षांवर आलेली, मुलीचे लग्न व्हायचे, आणि पंचावन्न वर्षांच्या या गृहस्थाला डोहाळे लागले होते ते 1971 सालच्या बुलेट मोटारसायकलचे!

डोहाळ्यांमागे एक जुनी सल होती. भाऊंचे वडील, अण्णा, यांचे कराडला औषधांचे दुकान होते. त्यांनीही 1971 सालीच बुलेट घेतली होती आणि 1986 मध्ये ती विकली. त्याच वर्षी भाऊंना सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. "पोराच्या शिक्षणासाठी अण्णांनी लाडकी बुलेट विकली," हे वाक्य त्यानंतर घरातल्या प्रत्येक लग्नकार्यात ऐकू यायचे. अण्णा गेले, पण ते ऋण भाऊंच्या मनात तसेच राहिले. आई आता मुलाकडेच पानिपतला असते. बुलेटचा विषय निघाला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बघ बाबा, तुला काय ते."

बुलेट हे वाहन मुळात इंग्लंडचे. सीमेवरच्या गस्तीसाठी लष्कराला ते पसंत पडले आणि 1955 मध्ये मद्रासला त्याची जुळणी सुरू झाली. 346 सीसीचे, एकाच सिलिंडरचे ते संथ धडधडणारे इंजिन पुढे अनेक दशके जवळजवळ तसेच राहिले. गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या! पंजाब-हरियाणात तर बुलेट ही चैन नव्हतीच. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून ती पहाटे गावोगाव हिंडायची. त्यामुळे शोध घेतला तर इथे जुनी गाडी सापडते. खरी अडचण असते ती सापडलेली गाडी अस्सल असण्याची.

भाऊंना पहिली गाडी जी. टी. रोडवरच्या एका गॅरेजमध्ये मिळाली. चकाचक रंग, कमी किंमत. विसार द्यायला हात खिशात गेला तेवढ्यात सोबतच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने तो धरला. गाडीत मूळ इंजिनच नव्हते, पेट्रोल वाचवण्यासाठी कुणीतरी डिझेलचे बसवले होते. या भागात असे प्रयोग पुष्कळ झाले. मिस्त्रीने मग भाऊंना धडाच दिला. इंजिनवरचा आणि चॅसीवरचा नंबर पुसून स्वच्छ करायचा, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि उमटलेला छाप नोंदणी-पुस्तकाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहायचा. रंग नंतर कधीही देता येतो.

दुसरी गाडी समालख्याच्या बाजूच्या एका गावात, गोठ्याच्या कोपऱ्यात भुश्याखाली सापडली. टायर कुजलेले, सीटमध्ये उंदरांचे घर, पण दोन्ही नंबर जुळले. मालक ऐंशीच्या घरातले ताऊजी. सव्वा लाखात सौदा ठरला. पैसे मोजून घेतल्यावर ताऊजींनी टाकीवरून हात फिरवला आणि न बोलता ते आत निघून गेले. भाऊंना अण्णांची आठवण झाली.

कायद्याचीही गंमत पाहा. पानिपत येते दिल्लीच्या राजधानी क्षेत्रात. पंधरा वर्षांवरची पेट्रोलची गाडी या क्षेत्रात रस्त्यावर आणायची नाही, या आदेशावर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. पण 2021 मध्ये केंद्राने नवा नियम केला आणि पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी देऊ केली. नवी नोंदणी करायची तर शुल्क 20,000 रुपये आणि मुदत दहा वर्षांची. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र ही गाडी रोज फिरवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे किंवा दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. म्हणजे पंधरा वर्षांची झाली की भंगार आणि पन्नाशी ओलांडली की वारसा! मधली पस्तीस वर्षे ज्याने तिला गोठ्यात का होईना सांभाळले, त्याचे नाव कुठल्या कागदावर येत नाही.

पुढचे आठ महिने भाऊंचे रविवार गॅरेजमध्ये गेले. पानिपत हे तसे जुन्याला जीव लावणारे गाव. परदेशांतून गाठोड्यांनी आलेले जुने लोकरी कपडे इथे रंगांप्रमाणे निवडतात, बटणे-चेन काढून पिंजतात, पुन्हा सूत कातून त्यांची ब्लँकेटे विणतात. भाऊंची बुलेटही तशीच सुटी झाली, स्वच्छ झाली आणि पुन्हा जुळली. पत्नीचा राग हळूहळू निवळला. रविवारी डबा घेऊन तीच गॅरेजमध्ये जाऊ लागली.

डिसेंबरात गाडी टेम्पोतून घरी आली. भाऊंनी शेजाऱ्यांसमोर मोठ्या थाटात सुरुवात केली. पेट्रोलचा कॉक उघडला, किक हळूहळू दाबत अ‍ॅमीटरचा काटा मधोमध आणला, डिकॉम्प्रेसरची कळ ओढून पिस्टन किंचित पुढे ढकलला, कळ सोडली आणि सगळा भार देऊन किक मारली. इंजिनाचे टायमिंग जरा पुढे राहिले असावे. किक सणकन उलटली आणि भाऊ गुडघा धरून खालीच बसले.

संध्याकाळी आई हळदीचा लेप घेऊन आली. लेप लावता लावता सहज म्हणाली, "अण्णांचा गुडघा असाच गेला. पंच्याऐंशी साली किक उलटली ती लागलीच. मग वर्षभर किक मारायला दुकानातल्या पोराला बोलवायचे. शेवटी विकून टाकली."

भाऊ चमकले. "पण आई, माझ्या फीसाठी..."

"गाडीचे पैसे दुकानाच्या उधारीत गेले, बाळा. तुझी फी आणि हॉस्टेल माझ्या पाटल्यांवर झालं. चार तोळ्यांच्या होत्या, माहेरच्या."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"गुडघा गेला म्हणून गाडी विकली, हे सांगायची त्यांना लाज वाटायची. पोरासाठी विकली म्हटलं की लोक मान द्यायचे. मीही म्हटलं, असू दे."

खोलीत बराच वेळ कुणी बोलले नाही. सदतीस वर्षे भाऊ ज्या ऋणाचा हिशेब मांडत होते, ते खातेच चुकीच्या नावावर होते. रात्री त्यांनी पत्नीशी बोलून ठरवले की बुलेट विकायची आणि आईला पाटल्या करायच्या. सकाळी हे ऐकून आई हसली. "आता या वयात हातात सोनं सोसत नाही रे. गाडी राहू दे, छान आहे. फक्त कुणी विचारलं तर नीट सांगत जा."

मिस्त्रीने टायमिंग नीट केले आणि दोन दिवसांनी बुलेट पहिल्याच किकला सुरू झाली. स्टँडवर उभ्या गाडीच्या मागच्या सीटवर आई सुनेचा हात धरून एका बाजूला पाय सोडून बसली आणि डोळे मिटून ती धडधड ऐकत राहिली.

संक्रांतीला तिळगूळ घ्यायला आलेली मंडळी अंगणातली बुलेट पाहून विचारतात, "काय भाऊ, वडिलांची आठवण वाटतं?" भाऊ त्यांना बसवून घेतात आणि सगळे क्रमाने सांगतात. आधी आईच्या पाटल्या, मग अण्णांचा गुडघा आणि शेवटी बुलेट.