दुकानाची पायरी

शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा जुन्या दिवसांच्या आठवणी लिहाव्यात, अशी त्यांची अपेक्षा होती. पत्र्याचे छत, कंदील, ज्वारीची भाकरी आणि पातळ वरण यांविषयी आमच्या आधीच्या गुरुजनांनी मागील स्मरणिकांतून पुष्कळ लिहिले आहे. आम्ही यंदा निराळा विषय घेत आहोत. या वसतिगृहात सहा वर्षे राहून गेलेला आमचा एक विद्यार्थी आज पुण्यात फ्रंटएंड डेव्हलपर आहे. २०१६ साली तो जर्मनीतील लाइपझिग शहरी ई-कॉमर्सच्या एका परिषदेस जाऊन आला. तेथे जे पाहिले ते त्याने परत आल्यावर आम्हांस सांगितले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक भेटीत त्यात काही ना काही भर घातली. त्याचे नाव येथे देत नाही. "सर, नाव टाकलं की लोक नावच वाचतात, मजकूर राहून जातो," असे त्याचेच म्हणणे पडले.

पालकांपैकी अनेकांना हा व्यवसाय ठाऊक नसेल. संगणकावर किंवा मोबाइलवर चालणाऱ्या दुकानाचे दोन भाग असतात. मालाचा साठा, हिशेब, दर, गिऱ्हाइकांच्या नोंदी हे सारे मागे, आपल्या दृष्टीआड चालते. आपल्याला दिसते ती दर्शनी बाजू : वस्तूचे चित्र, किंमत, पिशवीत टाकण्याचे बटण, पत्ता भरण्याचा तक्ता. ही दर्शनी बाजू बांधणारा तो फ्रंटएंड डेव्हलपर. गावातल्या भाषेत सांगायचे तर गोदाम दुसऱ्याचे. ओटा, पायरी, फळी आणि काटा मांडण्याचे काम याचे.

परिषद मॅजेन्टो नावाच्या प्रणालीविषयी होती. अशी दुकाने उभारण्याची ही प्रणाली २००८ साली अमेरिकेतून बाहेर आली, आणि तिची मूळ संहिता कोणालाही वाचता यावी, सुधारता यावी अशी खुली ठेवली गेली. (पुढे २०१८ साली अडोबी कंपनीने ती १६८ कोटी डॉलर्सना विकत घेतली.) नोव्हेंबर २०१५ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली होती, म्हणजे आमचा विद्यार्थी गेला तेव्हा सभागृहातील प्रत्येकाच्या तोंडी एकच विषय होता, जुनी दुकाने नव्या आवृत्तीत हलवायची कशी. दर्शनी बाजूचे काम करणारे तर धास्तावलेलेच होते. इतकी वर्षे हातात बसलेली पद्धत बदलली होती, आणि पूर्वी एका ओळीत होणाऱ्या कामासाठी आता चार फायली उघडाव्या लागत. जर्मन, डच, पोलिश, सारेच कुरकुरत होते. ही धास्ती केवळ आपल्यालाच वाटते, अशी त्याची पुण्यात समजूत झाली होती. "तिथं कळलं, सगळेच माझ्यासारखे अडखळतायत. बरं वाटलं," असे तो म्हणाला. आमच्या मते दोन दिवसांतील सर्वांत उपयोगी व्याख्यान हेच असावे, आणि ते कोणीही दिलेले नव्हते.

लाइपझिग हे नाव ऐकताच आम्ही त्याला १८१३ च्या लढाईचे स्मारक पाहिलेस का, असे विचारले होते. नेपोलियनचा तेथे झालेला पराभव आम्ही किती वर्षे फळ्यावर लिहीत आलो! त्याने स्मारक पाहिले नव्हते. पण त्याने जे पाहिले ते आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हते. हे शहर व्यापाराच्या जत्रेवर वाढले. ११६५ च्या सुमारास त्याला नगराचे आणि बाजाराचे हक्क मिळाले. १४९७ साली सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने तेथील जत्रांना शाही सनद दिली आणि १५०७ मध्ये आसपासच्या प्रदेशात दुसऱ्या कोणी अशी जत्रा भरवू नये, असा हुकूम काढला. जुन्या शहरात व्यापाऱ्यांचे वाडे असे बांधलेले आहेत की मालाची गाडी एका रस्त्याने आत शिरावी, चौकात माल उतरवावा आणि न वळता पलीकडच्या रस्त्याने बाहेर पडावी. बार्थेल्स होफ नावाचा असा एक अठराव्या शतकातील वाडा अजून उभा आहे. तो पाहताना आमचा विद्यार्थी चौकात बराच वेळ थांबला, कारण गिऱ्हाइकाला मागे न वळवता पुढे कसे न्यावे, हीच त्याच्या रोजच्या कामाची चिंता.

त्याहून मोठी गोष्ट पुढची आहे. एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली, कारखाने आले आणि गाड्याच्या गाड्या भरून माल जत्रेत आणणे अर्थहीन ठरू लागले. तेव्हा १८९५ पासून लाइपझिगने केवळ नमुन्यांची जत्रा भरवायला सुरुवात केली. व्यापाऱ्याने एकच बशी, एकच बाहुली, एकच पुस्तक आणायचे. पाहणाऱ्याने मागणी नोंदवायची. माल मागाहून थेट कारखान्यातून यायचा. या नमुना-जत्रेची खूण म्हणून एकावर एक ठेवलेली दोन 'एम' अक्षरे १९१७ पासून वापरात आली. ती आजही शहराच्या जत्रा-मैदानाबाहेर उभी दिसतात. माल समोर नाही, नमुना पाहून विश्वास ठेवायचा आणि पैसे मोजायचे, हा व्यवहार मोबाइलने शोधून काढला, असे आम्ही समजत होतो. तो त्या शहरात शंभर वर्षांहून अधिक काळ मुरलेला होता.

विश्वासाविषयी आणखी एक गोष्ट त्याच्या मनात बसली. जर्मनीत १ ऑगस्ट २०१२ पासून असा कायदा आहे की, संगणकावरील दुकानाच्या अखेरच्या बटणावर 'पैसे देण्याच्या बंधनासह मागणी' अशा अर्थाचे किंवा तितकेच स्पष्ट शब्द असले पाहिजेत. नुसते 'पुढे', 'नोंदवा' असे मोघम लिहून भागत नाही. तसे लिहिले तर गिऱ्हाइकावर कराराचे बंधन येत नाही. त्याखेरीज माल मिळाल्यापासून चौदा दिवसांच्या आत कारण न सांगता तो परत करण्याचा हक्क. शिवाय तेथे कित्येक लोक माल आधी घेतात, पाहतात आणि मग बिल भरतात. आपल्याकडची 'घरपोच आल्यावर रोख' ही रीत मागासलेपणाची खूण आहे, असे कंपनीतले वरिष्ठ त्याला नेहमी सांगत. श्रीमंत देशातील माणूसही वस्तू हाती आल्याशिवाय पैसे सोडायला नाखूश असतो, हे त्याने तेथे पाहिले. एका बटणावरील तीन-चार शब्दांसाठी देशाने कायदा करावा, याचे त्याला फार अप्रूप वाटले. ते बटण बांधणारा तोच ना!

येथे आमच्या वडिलांविषयी लिहिणे भाग आहे. आमच्या गावी किराणा मालाचे एकच दुकान होते. त्याला तीन दगडी पायऱ्या होत्या. आमच्या लोकांनी खालच्या पायरीपाशी थांबायचे, पैसे पायरीवर ठेवायचे. दुकानदाराचा मुलगा त्यावर पाणी शिंपडून ते उचलायचा आणि गुळाचा खडा किंवा मिठाची पुडी वरून ओंजळीत टाकायचा. माल निवडण्याचा प्रश्नच नव्हता. तांदूळ किडका निघाला तर परत घेऊन कोण जाणार? वडील आम्हांस सोबत नेत तेव्हा हात धरून पायरीपासून दोन पावले मागे उभे करीत. त्या दुकानात आत काय काय मांडलेले होते, हे आम्ही कधीच पाहिले नाही. डब्यांची वरची झाकणे तेवढी दिसत.

संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी, आज अनुच्छेद १५ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीवर चर्चा झाली. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही दुकानात, उपाहारगृहात, विहिरीवर, रस्त्यावर मज्जाव करता येणार नाही, अशी ती तरतूद. तेव्हा काही सदस्यांनी 'दुकान' या शब्दात नेमके काय काय येते, असे विचारले. बाबासाहेबांचे उत्तर असे होते की, जो कोणी मागणाऱ्या कोणालाही आपली सेवा द्यायला तयार असतो, त्याची जागा म्हणजे दुकान. शब्दाचा अर्थ जितका व्यापक घेता येईल तितका घ्यावा. हे आम्ही इतिहासाच्या तासाला दरवर्षी सांगतो. लाइपझिगहून परतलेल्या विद्यार्थ्याने ते ऐकून विचारले, "मग सर, मी बांधतो तेही त्यात येणार?" त्याला आम्ही मूळ चर्चेचा मराठी सारांश वाचायला दिला.

त्याच्या प्रश्नामागे परिषदेतील एक अनुभव होता. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एका लहान सत्रात एक अंध गृहस्थ व्यासपीठावर आले. त्यांनी माऊस बाजूला ठेवला, स्क्रीन रीडर सुरू केला आणि केवळ कीबोर्डवर एक जोड बूट विकत घेण्याचा प्रयत्न आरंभला. यंत्र पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचत होते. वस्तूच्या चित्रांना शब्दांत वर्णन दिलेले नव्हते, म्हणून चित्र आले की ते नुसता फाइलचा क्रमांक वाचे. बटणांना नावे नव्हती, म्हणून 'बटण, बटण, बटण' एवढेच ऐकू येई. ते गृहस्थ पत्त्याच्या तक्त्यापर्यंत पोहोचले आणि तेथे अडकले. पुढे जाण्याची खूण फक्त रंगाने दाखवलेली होती. सभागृहात आधी हशा झाला, मग शांतता. मॅजेन्टोच्या जुन्या आवृत्तीत खरेदी पुरी करायला सहा पायऱ्या चढाव्या लागत, नव्या आवृत्तीत त्या दोनच झाल्या, याचे सकाळी मोठे कौतुक झाले होते. त्या गृहस्थांना त्या दोनही चढता येईनात. "सर, ते दुकान मी बांधलेलं नव्हतं, पण मी बांधलेली सगळी तशीच आहेत," असे तो आम्हांस म्हणाला.

युरोपीय संघाने २०१९ मध्ये याविषयी निर्देश काढला आणि २८ जून २०२५ पासून तेथील ई-कॉमर्स सेवा अपंग व्यक्तींना वापरता येतील अशा असणे बंधनकारक झाले. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या प्रकरणातील याचिकाकर्त्यांत ॲसिडहल्ल्याने डोळे गमावलेल्या स्त्रिया होत्या. ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यापुढे पापणी मिचकवा, असे यंत्र त्यांना सांगत होते.

परिषदेतील संध्याकाळच्या जेवणाविषयी त्याने पुष्कळ दिवस काही सांगितले नव्हते. गळ्यातील ओळखपत्रावर त्याचे पहिले नाव आणि कंपनीचे नाव एवढेच होते. एका पोलिश तरुणाने त्याला नावावरून नाही, तर त्याने खुल्या संहितेत पाठवलेल्या एका छोट्या दुरुस्तीवरून ओळखले आणि त्या दुरुस्तीतला एक दोषही तेथेच काढून दाखवला. याचा त्याला अतोनात आनंद झाला. त्याच टेबलावर आपल्याच देशातील, दुसऱ्या कंपनीचे एक गृहस्थ होते. त्यांनी हसत हसत पूर्ण नाव विचारले. ते सांगितल्यावर गाव विचारले. मग वडील काय करतात, ते विचारले. त्यानंतर ते दुसऱ्या टेबलावर गेले. साडेसहा हजार किलोमीटर अंतर ओलांडले तरी हा प्रश्न सामानात सोबत जातो.

त्या रात्री त्याने एक गोष्ट तपासली. मॅजेन्टोच्या गिऱ्हाइकाच्या तक्त्यात आडनाव भरणे सक्तीचे असते. ते रिकामे ठेवले की पुढे जाता येत नाही. परत आल्यावर त्याने कंपनीत विचारले की पार्सल पोहोचवायला नाव, पत्ता आणि फोन पुरतात, मग आडनावाची सक्ती कशाला? एका लहान व्यापाऱ्याने ते मान्य केले आणि रकाना ऐच्छिक झाला. बाकीच्यांनी 'सगळीकडे असंच असतं' म्हणून विषय मिटवला. आम्ही या व्यवहाराकडे भाबडेपणाने पाहत नाही. संगणकावरील दुकानाने खालच्या पायरीवर उभे करणे थांबवले, हे खरे. पण त्या दुकानाचा माल पाठीवर घेऊन चार-चार मजले चढणारी मुले कोणाची आहेत आणि त्यांना लिफ्टने जाऊ देतात का, हेही आमचे माजी विद्यार्थीच आम्हांस सांगतात. तो विषय या स्मरणिकेत कोणीतरी स्वतंत्रपणे लिहायला हवा.

गेल्या डिसेंबरात तो दोन दिवसांसाठी शाळेत आला होता. संगणक कक्षातील दहाही माऊस त्याने काढून कपाटात ठेवले आणि आठवी-नववीच्या मुलामुलींना सांगितले की केवळ कीबोर्डवर एक वही विकत घेऊन दाखवा, पैसे भरण्याच्या आधी थांबा. मुले टॅबची कळ दाबत बसली. पहिल्या दुकानात कोणालाच पत्त्याच्या पुढे जाता आले नाही. दुसऱ्या दुकानात दोन मुली पोहोचल्या. नववीतल्या एका मुलीने डोळ्यांवर ओढणी बांधून, शेजारणीला पडदा वाचायला लावून पुन्हा प्रयत्न केला आणि 'पुढे जा' हे बटण टॅबने सापडतच नाही, ते मधूनच वगळले जाते, हे शोधून काढले. ते दुकान त्याच्या स्वतःच्या कंपनीने बांधलेले होते. त्याने खिशातली वही काढली, त्या मुलीकडून सगळा क्रम पुन्हा एकदा सांगून घेतला आणि उतरवून घेतला.