किती धावलो, कसे धावलो, कुठे थांबलो

वाचकहो, साठी ओलांडलेल्या माणसाने धावावे की धावू नये, या प्रश्नाची आपल्याकडे दोन टोकांनी चर्चा होते. एका टोकाला वर्तमानपत्रातील छायाचित्र असते. त्यात शंभरीच्या घरातील एखादे आजोबा गळ्यात पदक घालून हसत उभे असतात. दुसऱ्या टोकाला आपल्या घरातील चिंता असते : ‘आता या वयात कशाला? पडलात तर कोण निस्तरणार?’ या दोहोंच्या मधोमध रोजचा, साधा, पाचसहा किलोमीटरांचा एक रस्ता आहे. त्या रस्त्याविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे.

मी त्रेसष्ट वर्षांची आहे. धुळ्यात देवपूर भागात राहते. सात वर्षांपूर्वी माझ्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू दुबळी झाली. त्यांची शुश्रूषा करता करता वर्ष कसे गेले ते कळले नाही. एकदा त्यांच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी सहज माझाही रक्तदाब मोजला आणि औषधाची एक चिठ्ठी माझ्या नावानेही लिहिली. ‘रोज चालायला जा,’ असे त्यांनी बजावले. आधी चालणे, मग शंभर पावले धावून दोनशे पावले चालणे, अशा क्रमाने मी हळूहळू धावू लागले. आज आठवड्यातून चार दिवस मी पहाटे धावते.

आमचा गट आणि तीन प्रश्न

पांझरेच्या काठच्या रस्त्यावर पहाटे साडेपाचला आम्ही दहाबारा जण जमतो. त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, एसटीचे माजी चालक आहेत, कापड दुकानदार आहेत, एक निवृत्त परिचारिका आहे. तरुणही आहेत, पण ते पुढे निघून जातात आणि परतीच्या वाटेवर आम्हांला भेटतात. एरवी नदीकाठ, कधी नकाणे तलावाचा रस्ता आणि हिवाळ्यातील रविवारी लळिंगच्या दिशेचा चढ, हे आमचे नित्याचे मार्ग. धावून झाल्यावर टपरीवर चहा होतो आणि तेथे प्रत्येकाने त्या दिवसाचा वृत्तांत सांगायचा, असा आमचा प्रघात आहे. प्रश्न तीनच असतात : किती धावलो, कसे धावलो, कुठे थांबलो.

वरवर पाहता ही निव्वळ गप्पांची बैठक आहे. परंतु माझ्या मते आमच्या धावण्यातील सर्वांत आरोग्यदायी भाग हाच आहे. आपल्या खान्देशात वडीलधाऱ्यांना कुणी ‘तब्येत कशी शे?’ असे विचारले, की ‘बरी शे’ हे उत्तर ठरलेले असते. विचारणाऱ्याचे समाधान होते, सांगणाऱ्याची सुटका होते आणि विषय तेथेच मिटतो. ‘कुठे थांबलात?’ या प्रश्नाला मात्र ‘बरी शे’ असे उत्तर देता येत नाही. तेथे ठिकाण सांगावे लागते आणि ठिकाण सांगितले की कारणही ओघाने येते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. अडुसष्ट वर्षांचे आमचे एसटीचालक बंधू एका रविवारी चहा घेताना म्हणाले, ‘आज लळिंगच्या चढावर थांबलो. छातीवर कुणी हात दाबून धरल्यासारखे झाले. उभा राहिलो, तसे गेले.’ बोलणे संपवून त्यांनी कप ठेवलाही. परिचारिकाताईंनी मात्र विचारले, ‘मागच्या रविवारीही तुम्ही तिथेच थांबला होतात ना?’ आमच्यातील शिक्षक सर्वांच्या नोंदी एका वहीत ठेवतात. ती उघडली. तीन आठवड्यांत तीन वेळा, त्याच चढावर, आणि दर वेळी आधीपेक्षा लवकर थांबल्याची नोंद होती. श्रम वाढले की छाती दाटणे आणि थांबताच मोकळे होणे, हे हृदयाला रक्त कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते. ताईंनी त्यांना घरी जाऊ दिले नाही, थेट डॉक्टरांकडे नेले. तपासणीत एका मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा आढळला आणि त्याच आठवड्यात तेथे स्टेंट बसवावा लागला.

घरी त्यांनी यातले काहीच सांगितले नव्हते. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘पोराला कळलं असतं तर धावणं बंद केलं असतं.’

वाचकहो, या एका वाक्यावर ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांनी, दोघांनीही थांबून विचार करावा असे मला वाटते. वृद्ध माणूस दुखणे लपवतो तो नेहमीच भित्रेपणाने नव्हे. दुखणे सांगितले की आवडीची एक गोष्ट हिरावली जाते, हे तो अनुभवाने शिकलेला असतो. मुलगा चिंतेने मनाई करतो, त्या मनाईमुळे वडील गप्प होतात आणि मुलाला ज्या गोष्टीची भीती असते तीच त्या गप्पपणात वाढत राहते. चहाच्या टपरीवर ते गृहस्थ मोकळेपणाने बोलले, कारण तेथे कुणी त्यांना रोखणार नव्हते. उपचारानंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांनी आधी अंगणात, मग नदीकाठी चालायला सुरुवात केली. आता ते वेगाने चालतात, धावत नाहीत, आणि चहाच्या वेळी त्यांचाही वृत्तांत होतो. त्यांचा मुलगा आता रोज संध्याकाळी वडिलांना तेच तीन प्रश्न विचारतो.

शास्त्र काय सांगते

धावण्याने आयुष्य वाढते, असे छातीठोकपणे सांगण्याचा मोह मी टाळते. तरी एका अभ्यासाची माहिती आपल्याला असावी. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८४ साली धावपटूंच्या एका मंडळातील पन्नाशीपुढील ५३८ सभासदांची आणि न धावणाऱ्या ४२३ निरोगी व्यक्तींची पाहणी सुरू झाली. एकोणीस वर्षांनंतर धावणाऱ्यांपैकी १५ टक्के, तर दुसऱ्या गटातील ३४ टक्के व्यक्ती मृत्यू पावल्या होत्या. कपडे घालणे, खुर्चीतून उठणे, चालणे अशा दैनंदिन कामांत येणारी असमर्थता धावणाऱ्यांमध्ये कित्येक वर्षे उशिरा आली. जे धावतात ते मुळातच अधिक सुदृढ असण्याची शक्यता असते, हे येथे लक्षात ठेवायला हवे. गुडघ्यांच्या बाबतीतही, हौसेने व माफक धावणाऱ्यांमध्ये सांध्यांची झीज बैठे जीवन जगणाऱ्यांपेक्षा अधिक आढळत नाही, असेच अभ्यास सांगतात. ज्यांची झीज आधीच झाली आहे, त्यांनी मात्र अस्थिरोगतज्ज्ञांचे ऐकावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार पासष्ट वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे आणि तीन दिवस तोल सावरण्याचे व्यायाम करावेत. यात धावलेच पाहिजे असे कोठेही नाही. भरभर चालणे पुरेसे आहे.

दोन नावे, दोन धडे

फौजा सिंग यांचे नाव आपण ऐकले असेल. मुलाच्या अपघाती मृत्यूच्या दुःखातून सावरताना, वयाच्या नवव्या दशकात ते धावण्याकडे वळले. २००० साली लंडनमध्ये त्यांनी पहिली मॅरेथॉन पूर्ण केली आणि पासपोर्टवरील जन्मवर्षानुसार शंभराव्या वर्षी, २०११ साली, टोरांटोमध्ये ४२.१९५ किलोमीटरचे पूर्ण अंतर आठ तासांहून थोड्या अधिक वेळात पार केले. जुलै २०२५ मध्ये पंजाबातील आपल्या गावाजवळ रस्त्यावर वाहनाची धडक बसून त्यांचे निधन झाले. त्यांच्या जिद्दीचे कौतुक करताना त्यांच्या शेवटाकडेही पाहावे. म्हणूनच आम्ही रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे धावतो, अंगात उजळ रंगाचे कपडे घालतो आणि महामार्गावर अंधारात पाऊल ठेवत नाही.

दुसरे नाव आपल्या महाराष्ट्रातील, लता करे यांचे. पतीच्या तपासणीसाठी पैसे हवेत म्हणून या साठीपुढील बाई बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. पुढे त्यांच्यावर ‘लता भगवान करे’ हा मराठी चित्रपट निघाला. त्यात त्यांनी स्वतःच स्वतःची भूमिका केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. ही कथा ऐकून अनेकांचे डोळे पाणावतात. माझेही पाणावतात, पण माझ्या मनात आणखी एक विचार येतो. आजारी पतीची सेवा करणाऱ्या बाईला घराबाहेर पडून धावण्यासाठी एवढे मोठे कारण लागावे काय? तिच्या स्वतःच्या प्रकृतीसाठी एक तास, एवढे कारण पुरू नये काय?

शुश्रूषा करणाऱ्याचा तास

सुरुवातीला मला हा प्रश्न फार छळत असे. यजमानांना उठून बसायलाही आधार लागतो, आणि आपण बूट बांधून बाहेर पडतो हे शोभते का? नातेवाइकांच्या नजरेतही तो प्रश्न दिसे. शेवटी घरात सर्वांनी बसून वेळ वाटून घेतली. पहाटेचा एक तास मुलगा वडिलांपाशी थांबतो. त्यांची सकाळची गोळी आणि चहा हे त्याचे काम. सातला मी परतते.

यातून अनपेक्षितपणे एक चांगली गोष्ट घडली. मी आले की यजमान अडखळत विचारतात, ‘कि...ती?’ मी सांगते आणि ते डाव्या हाताने वहीत आकडा लिहितात. पहिल्या महिन्यांतील आकडे ओळींबाहेर पळत होते, आताचे बरेच सरळ उभे आहेत. गेल्या हिवाळ्यात जळगावच्या ‘खान्देश रन’मध्ये मी दहा किलोमीटरच्या गटात भाग घेतला. जळगाव रनर्स ग्रुप ही स्पर्धा भरवतो. माझ्या मागे फार थोडे लोक उरले होते. पाणी देणारी मुले ‘आजी, चला, आलंच’ म्हणत होती आणि शेवटच्या वळणावर मी दोन मिनिटे चालले. घरी आल्यावर यजमानांनी अंतर लिहिले, वेळ लिहिली आणि मग बोटाने तिसऱ्या रकान्याकडे दाखवले : कुठे थांबलीस? पदकापेक्षा त्यांना तेच अधिक महत्त्वाचे वाटले.

आपल्यासाठी काही सूचना

धावायचे असो वा भरभर चालायचे, आरंभी डॉक्टरांची भेट घ्यावी आणि घेत असलेली सर्व औषधे त्यांना दाखवावीत. रक्तदाबाच्या काही गोळ्या हृदयाची गती मुद्दाम कमी ठेवतात. अशा वेळी हातातील घड्याळाने दाखवलेल्या ठोक्यांवर विसंबू नये. सोपी कसोटी अशी : धावताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांत दम लागत असेल तर वेग कमी करावा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशी पोटी धावण्याविषयी आधी विचारून घ्यावे आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. आपल्या भागात धावून झाल्यावर जळगावचे केळे खाण्याची रीत आहे. ती चांगलीच आहे, पण मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी केळ्याचे प्रमाणही डॉक्टरांनाच विचारावे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या पलीकडे जातो. तेव्हा सूर्य वर येण्यापूर्वी घरी परतावे. लघवीचे प्रमाण वाढवणारी औषधे सुरू असतील तर उन्हाळ्यात अधिक जपावे. छातीत, जबड्यात किंवा हातात दाटून येणे, भोवळ, नेहमीपेक्षा निराळा दम, यांपैकी काहीही जाणवले तर तत्काळ थांबावे आणि सोबत्याला सांगावे. त्रास थांबला नाही तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. थांबल्यावर बरे वाटले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. खिशात आपले नाव, घरचा दूरध्वनी आणि औषधांची यादी असावी.

काळजी वाहणाऱ्या मुलांना, सुनांना, लेकींना एवढीच विनंती. वडीलधारे आपला वृत्तांत सांगू लागले, तर पहिले वाक्य ‘उद्यापासून बंद’ असे उच्चारू नका. आधी पूर्ण ऐका, ‘हे पूर्वीही झाले होते का?’ एवढे विचारा आणि बंद करायचे की बदलायचे हा निर्णय डॉक्टरांसमोर, त्यांच्यासह घ्या. आणि ज्येष्ठ मित्रहो, आपण धावत नसाल, काठी टेकत गल्लीच्या टोकापर्यंतच जात असाल, तरी एक साधी वही घ्यावी आणि तिच्यात तीन रकाने आखावेत. पहिला रकाना छोटा असला तरी चालेल. तिसरा मात्र प्रामाणिकपणे भरावा आणि घरातील एखाद्या माणसाला रोज वाचून दाखवावा.