डोंगरावरले जहाज

माझ्या भाच्याला आरमारात घेतले, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो हा, की पोराला पोहता कुठे येते! दुसरा प्रश्न माझा. बारावीला गणितात इतके गुण मिळवून हा काय जन्मभर तेलकट चिंध्यांनी इंजिने पुसणार? आक्का गप्प राहिली. भाचाही. मराठीच्या प्राध्यापकाला बोलण्याची सवय असते. ऐकण्याची तितकीशी नसते.

ओडिशात चिल्क्याला पहिले शिक्षण आटोपून तो लोणावळ्याला आला. आता आरमाराचा आणि लोणावळ्याचा काय संबंध, असे तुम्हीही विचाराल. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचीवर, ऐन सह्याद्रीत, १९४५ सालापासून ‘शिवाजी’ नावाचे हे जहाज उभे आहे. जहाज म्हणजे शाळाच. पण तिथे स्वयंपाकघराला गॅली म्हणायचे, आणि फाटकाबाहेर चिक्की आणायला निघाले तरी ‘किनाऱ्यावर’ जायचे! इंजिनांची विद्या इथे. विजेची तिकडे जामनगरला, ‘वालसुरा’वर.

एका रविवारी तो स्टेशनजवळच्या हॉटेलात भेटला. त्या चिंध्यांबद्दल त्याची माफी मागायची, असे लोकलमध्ये मनाशी घोकत आलो होतो. त्याने हात पुढे केला, तर तळव्याला घट्टे.

“कानस, मामा. लोखंडाचा ठोकळा घासून काटकोनात आणायचा. गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की ठोकळा परत!”

त्याचा ठोकळा नऊ वेळा परत आला होता. सहावीत असताना त्याची निबंधाची वही मी एका वेलांटीसाठी तिसऱ्यांदा परत केली, तेव्हा तो रडला होता. हे मात्र हसत सांगत होता.

मग म्हणाला, “एक खोटं जहाज आहे. पोलादी खोल्या. त्या डोलतात, दिवे जातात, भिंतीच्या भोकांतून पाणी उसळतं. लाकडी खुंट्या नि पाचरी ठोकून ते बंद करायचं. पाणी छातीपर्यंत आलं नि माझ्या हातातला हातोडाच सुटला. शेजारच्या पोरानं माझं मनगट धरून पाचरीवर ठेवलं. म्हणाला, तू नुसती धर, मी ठोकतो.”

“घाबरलास?”

“खूप.” तो कपातल्या चहाकडे बघत राहिला. “आईला सांगू नका हं.”

यावर काय बोलावे ते मला सुचेना. म्हणून जेवणाचे विचारले. प्रश्न अगदीच पोकळ नव्हता. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या आरमाराच्या संदेशविद्येच्या शाळेतल्या खलाश्यांनी संप पुकारला. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या अपमानकारक वागण्याने ती पोरे आधीच धुमसत होती. ठिणगी पडली ती निकृष्ट जेवणावरून. आणि बघता बघता तो वणवा कराचीपर्यंत पोचला.

“चांगलं असतं की! भूकच इतकी लागते, मामा.”

बिल त्याने दिले. मी पाकीट काढीपर्यंत पैसे देऊन मोकळा! माफीचे राहूनच गेले. गाडीची वेळ झाली होती.

रात्री आक्काचा फोन आला. “काय म्हणाला रे?”

“जेवण चांगलं आहे म्हणतो.”

ती जराशी थांबली. “आणि पोहायला शिकला का?”

“चिल्क्यालाच शिकला,” मी म्हणालो.