तोंडाची वाट, कातडीची वाट

जळगाव, १४ जुलै
विद्यार्थिनीचा प्रबंधाचा आराखडा वाचला. कपाशीवरच्या औषधांनी उंदरांच्या प्रतिकारशक्तीचं काय होतं, हा विषय. पद्धत रूढ आहे. २८ दिवस घशात नळी घालून औषध द्यायचं, मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचायच्या आणि प्लीहेतल्या किती पेशी त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवतात ते मोजायचं. समासात एवढंच लिहिलं: घशातूनच का?

पारोळा, १९ जुलै
आप्पांच्या कपाशीवर तुडतुडे पडलेत. भर उन्हात फवारणी, पाठीवरचा पंप झाकणाशी गळतोय, सदरा ओला. टोकलं तर म्हणाले, "तोंडमा थोडंच जास? पाठवर सांडस." मला धीर द्यायलाच म्हणाले.
बाटलीवर लाल त्रिकोण. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत या रंगामागे दोन आकडे आहेत. निम्मे प्राणी मारणारी मात्रा तोंडावाटे किलोला १ ते ५० मिलिग्रॅम, कातडीवाटे १ ते २००. श्वासाला रकानाच नाही. शिवाय मोजलेत ते मेलेले. जगला, पण प्रतिकारशक्ती घालवून बसला, तो उंदीर या तक्त्यात धडधाकट!

जळगाव, २२ जुलै
पोटातून गेलेलं औषध आधी यकृतात पोचतं. तिथे बरंचसं मोडतं. क्लोरपायरीफॉससारखं एखादं मात्र तिथेच आणखी जहालही होतं. कातडीतून शिरलेलं यकृताला वळसा घालून अंगभर फिरतं. म्हणजे कुठली वाट वाईट हे औषधागणिक ठरणार, आणि एकीचा निकाल दुसरीला लावता येणार नाही.
व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी २००२ साली पर्मेथ्रिन उंदरांच्या कातडीवर एकदाच लावलं, तर त्यांचा थायमस, म्हणजे प्रतिकारपेशी घडवणारी ग्रंथी, आक्रसला. पर्मेथ्रिन म्हणजे आपल्याकडच्या सायपरमेथ्रिनचं चुलत भावंड. उंदराची कातडी माणसाच्या कातडीपेक्षा जास्त शोषते, तेव्हा तो निकाल जसाच्या तसा आप्पांना चिकटवू नये. पण घामेजलेली, तापलेली पाठही जास्त शोषते. प्रयोगशाळेतल्या थंड खोलीत खानदेशचं ऊन कुठून आणणार?

धुळे, २ ऑगस्ट
कृषी महाविद्यालयातल्या मित्राशी यवतमाळचा विषय निघाला. २०१७ च्या हंगामात तिथे फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. कपाशी डोक्यावर वाढलेली, फवारा तोंडावर उलटायचा.

जळगाव, ५ ऑगस्ट
विद्यार्थिनी कातडीचा गट घ्यायला तयार झाली. अडचण अशी की उंदीर अंग चाटतो, आणि कातडीची वाट पुन्हा तोंडाचीच होते. म्हणून पाठीचे केस कापून, औषध लावून वर पट्टी बांधायची. पण बांधून ठेवण्याच्या ताणानंसुद्धा थायमस आक्रसतो. मग नुसती पट्टी बांधलेला, बिनऔषधाचा गटही हवाच. उंदीर वाढले, प्राणी-नीतिसमितीकडे अर्ज नव्यानं. श्वासाचं तिनं आपणहून काढलं. त्याला फक्त नाकाशी औषधी हवा सोडणारी पेटी लागते, नाहीतर केसांवर बसतं आणि पुन्हा चाटणं आलंच. तशी पेटी आमच्याकडे नाही. प्रबंधाच्या मर्यादांमध्ये ते पहिल्या ओळीत येईल, असं ती म्हणाली.